चाळीस अक्षरांच्या पाट्या

कार्तिकातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, अकोल्यातल्या एका मोटार वाइंडिंगच्या दुकानामागच्या अंगणात बारा विजेच्या पाट्या एकदम सुरू करण्यात आल्या. पाच पाट्यांवर पूर्ण मजकूर आला. सात पाट्यांवर तो अर्ध्यातच थांबला आणि शेवटी एक रिकामा चौकोन लुकलुकत राहिला. या पाट्या गुरुवारी कौंडण्यपूरच्या यात्रेत लागायच्या होत्या. त्या तपासायला आलेले यात्रा समितीचे सदस्य त्या वेळी अंगणातच उभे होते.

सातही पाट्यांवरचा मजकूर मी लिहिला होता.

दुकान ज्यांचं होतं त्यांना सगळी गल्ली चाचा म्हणायची. जळालेल्या मोटारींना नव्यानं तांब्याची तार भरून देणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. २००० नंतरच्या त्या दशकात तो बसला. विहिरींना पाणी नव्हतं. पाणी नाही म्हणून मोटारी चालत नव्हत्या, चालत नव्हत्या म्हणून जळत नव्हत्या, आणि जळत नव्हत्या म्हणून चाचांकडे येत नव्हत्या. आधी दोन कारागीर होते, ते गेले. दिवाळीआधी चाचांनी घरमालकाला सांगून ठेवलं होतं, की महिनाअखेर दुकान खाली करतो. सुरतेला त्यांचे मेहुणे एका कारखान्यात होते. तिथं जायचं ठरलं होतं.

मुलीला जायचं नव्हतं. ती तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन बाहेर पडली होती आणि दुकानाच्या मागच्या खोलीत ठिपक्यांच्या दिव्यांवर मराठी मजकूर चालवणारी पाटी तिनं स्वतः तयार केली होती. समितीनं बारा पाट्या यात्रेपुरत्या लावून बघायचं कबूल केलं, तेव्हा बापलेकीत एक करार झाला. पाट्या यात्रेत नीट चालल्या तर दुकान राहील. नाही चालल्या तर महिनाअखेर सामान बांधायचं. हा करार दोघांनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितला आणि तो शब्दशः सारखा होता.

मी त्या दुकानात गेले ती घरचा टेबलफॅन घेऊन. तेव्हा मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते. कामाची वेळ दुपारी चारपासून, त्यामुळे सकाळ मोकळी असायची. चाचा पंखा उघडत होते आणि मागच्या खोलीत एक मुलगी आलेख कागदावर पेन्सिलीनं एकेक चौकोन भरत होती. ती 'क्ष' काढत होती. पाटीवर सोळा ठिपक्यांच्या उंचीत 'क्ष' ओळखू आला पाहिजे, असं ती म्हणाली. चार 'क्ष' खोडलेले होते, पाचवा चांगला होता. मी तिला तसं सांगितलं. पंखा दुसऱ्या दिवशी मिळाला, पण मी तिसऱ्या दिवशीही गेले.

तिची अडचण मजकुराची होती. बारा पाट्या, प्रत्येकीची जागा वेगळी. घाटावरची, मंदिरामागची, बस स्थानकाजवळची. वाक्यं थोडक्या फरकानं तीच, फक्त ठिकाण आणि दिशा बदलणार. बारा पाट्यांसाठी बारा प्रोग्राम हातानं लिहायचे आणि एक शब्द बदलला की बाराही उघडायचे, हे तिला नको होतं. म्हणून ती बिल्ड स्क्रिप्ट शिकत होती.

हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. प्रोग्राम लिहिणं हे एक काम. त्याचे सुटे भाग कोणत्या क्रमानं जोडायचे, कोणत्या पाटीच्या प्रोग्राममध्ये कोणता मजकूर भरायचा, हे संगणकाला सांगणं हे दुसरं काम. बिल्ड स्क्रिप्ट म्हणजे ते दुसरं काम सांगणारी फाइल. आमच्या दैनिकात पानावर बातम्या लावणारा माणूस जे करायचा, तेच. त्या फाइलची स्वतःची छोटी भाषा असते आणि त्या भाषेत मजकुराच्या तुकड्याला स्ट्रिंग म्हणतात. अक्षरांची माळ.

"आणि त्या माळेचं काय काय करता येतं?" मी विचारलं.

तिनं यादी दाखवली. शोधा. बदला. जोडा. तोडा. लांबी सांगा.

मी ती यादी दोनदा वाचली. माझी अकरा वर्षांची नोकरी त्या पाच आज्ञांत बसत होती.

"इंग्रजीच्या मोठ्या लिपीचं लहान लिपीत करायची पण आज्ञा आहे, ताई," ती म्हणाली. "पण ते आपल्याले काय कामाचं? आपला 'क' जन्मापासून एकाच मापाचा."

त्या आठवड्यात मी रोज सकाळी नऊला तिथं असायचे. पहिल्या दिवशी आम्ही एक वाक्य लिहिलं आणि त्यात ठिकाणाच्या नावाऐवजी एक खूण ठेवली. दुसऱ्या फाइलमध्ये बारा ठिकाणांची नावं लिहिली. तिनं 'बदला'ची एक ओळ लिहिली आणि एक कळ दाबली. पडद्यावर बारा वाक्यं आली, बारा नावांसह, आणि त्यांत एकही चूक नव्हती. दैनिकाच्या डेस्कवर तालुक्याचं नाव बदलायला विसरल्यामुळे मी दोनदा दिलगिरीची चौकट छापली होती. इथं विसरायची सोयच नव्हती. मी तिला पुन्हा कळ दाबायला लावली. तीच बारा वाक्यं पुन्हा आली. मग मी एका नावात मुद्दाम बदल केला आणि तिसऱ्यांदा कळ दाबली. तेवढ्याच एका पाटीचं वाक्य बदललं.

"पंखा त केव्हाच दुरुस्त झाला, मॅडम," चाचा दारातून म्हणाले. "आता काय बिघडलं?"

"काहीच नाही."

"मंग तोंड असं कावून झालं, जशी लॉटरी लागली?"

घरी जाताना मी बसमध्ये वहीच्या मागच्या पानावर 'बदला'च्या ओळी लिहीत होते. रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचायच्या आणि कोणत्या शब्दाच्या जागी खूण ठेवली तर हीच पाटी दुसऱ्या दुकानाला चालेल, ते बघायचं. तीन थांबे पुढे गेले तेव्हा लक्षात आलं, की उतरायचं राहिलं.

चौथ्या दिवशी लांबीचा प्रश्न निघाला. पाटीच्या चिपमध्ये एका संदेशासाठी चाळीस अक्षरांची चित्रं मावतील एवढी जागा होती. मात्रा, वेलांट्या, अनुस्वार ती अक्षराच्या चित्रावरच बसवत होती, त्यांना वेगळी जागा लागत नव्हती. मी म्हटलं, मग हे आमच्या मथळ्यासारखंच आहे. डेस्कवर मथळा बोटांवर मोजतात. मात्रेसकट अक्षराला एक, जोडाक्षराला दीड, मधल्या मोकळ्या जागेला एक. कोणी शिकवत नाही, महिन्याभरात बोटं आपोआप चालायला लागतात. मी सगळी वाक्यं बोटांवर मोजून चाळीसच्या आत बसवली.

"आणि एखादं जास्त भरलं तर?" तिनं विचारलं.

"शेपटातून कापायचं," मी सांगितलं.

हा डेस्कचा नियम होता. बातमीत महत्त्वाचं आधी येतं आणि कमी महत्त्वाचं शेवटी, म्हणून जागा कमी पडली की शेवटची ओळ उडवायची. त्या वर्षांत आमच्याकडे खेड्यांमधून शेतकऱ्यांच्या आत्महत्येची बातमी जवळजवळ रोज यायची. तिची लांबी ठरलेली होती. एक कॉलम, आठ ओळी. नाव, वय, गाव, आणि मागे कोण आहे ते. जाहिरात वाढली की मागे कोण आहे ते जायचं. मी हे काम एका मिनिटात करायचे.

मुलीनं स्क्रिप्टमध्ये ओळ घातली. लांबी चाळीसपेक्षा जास्त असेल, तर पहिले चाळीस ठेवा, बाकीचं सोडा. मग चाचणी घेतली. संगणकावर मराठी टंकायला वेळ लागायचा, म्हणून चाचणीची वाक्यं तिनं मोबाइलवर निरोप लिहितात तशी इंग्रजी लिपीत लिहिली. सगळी बरोबर आली. एक पंचेचाळीस अक्षरी वाक्य मुद्दाम दिलं, ते बरोबर चाळीसवर कापलं गेलं. आम्ही दोघींनी ते पाहून मान डोलावली.

मंगळवारपर्यंत खऱ्या मजकुराची लांबी संगणकाकडून कोणी मोजून घेतली नाही.

समितीचे सदस्य पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. सदऱ्याच्या खिशात मोजमापाची टेप. चाचा त्यांना साहेब म्हणत, ते चाचांना मिस्तरी. 'पिण्याचे पाणी', 'बस स्थानक', 'शौचालय', 'प्रथमोपचार', 'प्रसाद मंडप' या पाच पाट्या त्यांनी नुसत्या नजरेखालून घातल्या. सहाव्या पाटीसमोर थांबले.

"हरवलेली मुले प," त्यांनी वाचलं. चौकोन लुकलुकत होता. "प काय? पळाली?"

"वायर ढिली असंन, साहेब," चाचा म्हणाले.

"सात पाट्यांची वायर एकाच टायमाले ढिली झाली का, मिस्तरी?"

चाचांनी वायर हलवून पाहिली. काही फरक पडला नाही. पाटीवर यायला हवं होतं ते वाक्य असं: हरवलेली मुले पोलीस चौकीत, मंदिरामागे.

"हे पाय पोरी," सदस्य मुलीला म्हणाले, "मी काही तुमच्यावर रागावून नाही राहिलो. पण हरवलेलं लेकरू शोधनाऱ्या बाईले अर्धी पाटी दाखवून भागत नाही. मी आज लेकीकडे मुक्कामी हावो. उद्या दोनच्या यष्टीनं जातो. बारा वाजता येतो. दिसलं त टेम्पो परवा सकाळी लावू. नाही त गेल्या सालासारखे पेंटरकडून फलक रंगवून घेऊ."

"पेंटरनं गेल्या साली शौचालयाचा बाण मंदिराकडे काढला होता, साहेब," चाचा म्हणाले.

"काढला होता. पण पुरा काढला होता."

ते गेले. दुकानात जाऊन चाचांनी एका जुन्या मोटारीची तार उलगडायला घेतली. ते काम कोणी सांगितलेलं नव्हतं.

अकरा चाळीसला मुलीनं स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली: प्रत्येक वाक्याची लांबी पडद्यावर दाखवा. हरवलेल्या मुलांच्या वाक्यापुढे ९८ हा आकडा आला.

मी तेच वाक्य बोटांवर मोजलं. तेवीस. पुन्हा मोजलं. तेवीस.

"ताई, तुमी चाळीस म्हटलं ते कोणते चाळीस?"

"बोटांवरचे."

"आणि हे कोणते अठ्ठ्याण्णव?"

तिनं वाक्य काढून टाकलं आणि नुसता 'क' ठेवला. लांबी तीन. 'का' ठेवला. लांबी सहा. इंग्रजी लिपीतलं एक अक्षर ठेवलं. लांबी एक. मोकळी जागा. एक.

ती खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली. "हे अक्षरं मोजतच नाही," ती म्हणाली. "हे अक्षर ठेवायला आत किती खण लागले ते मोजते. इंग्रजीले एक खण. आपल्याले तीन. मात्रेले बी तीन."

सगळं एकदम उलगडलं. चाळीस म्हणजे चाळीस खण. त्यात मराठीची तेरा चिन्हं जेमतेम, वर उरलेले एक-दोन खण म्हणजे तुटलेलं चिन्ह. तोच तो लुकलुकणारा चौकोन. 'पोलीस'मधला 'प' पूर्ण आला होता आणि त्याची मात्रा मध्येच कापली गेली होती. पाच पाट्या वाचल्या, कारण त्यांचे शब्द छोटे होते. 'पिण्याचे पाणी' मोजून पाहिलं. सदतीस. तीन खणांनी वाचलं होतं. आणि चाचणी वाचली होती, कारण ती इंग्रजी लिपीत होती.

चूक सापडली, तिची जागा सापडली, तिचं माप सापडलं. अंगणात जाऊन मी सातही पाट्यांवरचं शेवटचं अक्षर वहीत उतरवलं आणि खणांचा हिशेब लावून पाहिला. सातही ठिकाणी तो जुळला. एवढं पूर्ण जुळणारं कारण डेस्कवरच्या अकरा वर्षांत मला एकाही घटनेचं मिळालं नव्हतं.

आता लांबी सांगणारी आज्ञा बदलणं आमच्या हातात नव्हतं. त्या भाषेत ती एकच होती. हातात होतं ते शोधा, बदला, तोडा, जोडा.

"तीननं भागू," मी म्हटलं.

"मोकळ्या जागेले एकच खण आहे ना, ताई. स्वल्पविरामाले बी एकच. भागाकार चुकंन."

मग तिनंच उपाय काढला, आणि काढताना तिचा आवाज चढत गेला. आधी वाक्याची एक प्रत करायची. प्रतीतून एक खण लागणारी सगळी चिन्हं, म्हणजे मोकळी जागा, स्वल्पविराम, इंग्रजी आकडे, एका 'बदला'नं काढून टाकायची. म्हणजे त्यांच्या जागी काहीच ठेवायचं नाही. उरलेल्याची लांबी घ्यायची. ती शुद्ध मराठी, म्हणून तिला तीननं भाग जाणारच. जेवढी चिन्हं काढली तेवढी पुन्हा मिळवायची.

ओळी लिहून झाल्या. कळ दाबली. उरलेली लांबी ९३. भागिले तीन, एकतीस. त्यात काढलेली पाच. छत्तीस.

"छत्तीस," ती म्हणाली. "तुमचे तेवीस. तेरा जास्तीचे कोण?"

चाचा केव्हा येऊन मागे उभे राहिले होते ते कळलं नाही. हातात तारेचं वेटोळं होतं. "बेटा, तू कागदावर मात्रांची चित्रं अक्षराच्या डोक्यावरच बसवली ना?"

"हो अब्बा."

"मंग त्यायले जागा लागत नाही. जागा लागत नाही त्यायले मोजून कावून राहिली?"

तेरा मात्रा. मी पेन्सिलीनं वाक्यातल्या एकेकीवर टिंब दिलं. तेरा.

मुलीनं काना, वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार, विसर्ग, पाय मोडायची खूण, सगळ्यांची एक यादी केली आणि यादीतलं एकेक चिन्ह प्रतीतून काढून टाकणारी फिरती ओळ लिहिली. कळ दाबली. पडद्यावर २३ आलं.

तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि आकड्याकडे बघत राहिली. मी सातही वाक्यं एकामागून एक देऊन बघायला सांगितली. ती देत गेली आणि मी बोटांवर मोजत गेले. चार वाक्यांत दोघींचा आकडा तोच आला. तीन वाक्यांत तिचा आकडा अर्ध्यापासून दोनपर्यंत जास्त येत होता. कारण शोधायला दोन मिनिटं लागली. जोडाक्षरं. माझ्या बोटांवर दीड, तिच्या स्क्रिप्टमध्ये दोन.

"पाटीवर अर्ध्या अक्षराचं चित्र वेगळं आहे," ती म्हणाली. "त्याले पुरी जागा लागते. दीड नको, ताई. दोन धरा."

अकरा वर्षं दीड धरणाऱ्या बोटांना दोन धरायला लावलं. आकडे जुळले.

राहिली ती कापायची ओळ. मुलगी तिच्यात चाळीसचा नवा हिशेब बसवायला लागली. चाचांनी तिला थांबवलं. ते हरवलेल्या मुलांची अर्धी पाटी वाचत होते.

"हे शेपूट कापायचं कोणी सांगितलं?"

"मी," मी म्हटलं. "अखबारात तसं करतात."

"अखबारात शेपूट कापलं त वाचनारा घरीच बसून राह्यते, मॅडम. इथं त माणूस चालून राहिला. त्याले जायचं कुठी, ते शेवटीच लिहिलं तुमी."

मी सातही वाक्यं पुन्हा वाचली. डाव्या बाजूला. मंदिरामागे. उत्तरेला प्रवेश नाही. सातही वाक्यांत कुठं जायचं किंवा जायचं नाही, ते शेवटी होतं. खणांची चूक झाली नसती आणि एखादं वाक्य खरंच दोन अक्षरांनी वाढलं असतं, तरी माझ्या नियमानं नेमकं तेच कापलं असतं.

मुलीनं ती ओळ काढून टाकली. त्या जागी दुसरी घातली: वाक्य चाळीसपेक्षा लांब असेल तर काम थांबवा, पाटीचा क्रमांक आणि अक्षरांचा आकडा सांगा, पुढं जाऊ नका. कापायचं काय ते माणसानं ठरवायचं.

कळ दाबल्यावर काम लगेच थांबलं. पाटी क्रमांक अकरा, अक्षरं एक्केचाळीस. वाक्य माझं होतं: दर्शनाची रांग दक्षिण दरवाजातून सुरू होते, उत्तरेला प्रवेश नाही. बोटांवर ते एकोणचाळीस भरलं होतं, चार जोडाक्षरं दीड धरून. 'सुरू होते' काढलं. पस्तीस झाली. काम पुढं गेलं आणि पडद्यावर बारा प्रोग्रामांची नावं खाली खाली उतरत आली.

साडेतीनला मला डेस्कवर जायला निघावं लागलं. बारा चिपमध्ये नवे प्रोग्राम उतरवायचं काम मुलगी करत होती. जाताना मी तीनदा मागे वळून पाहिलं, हे चाचांनी नंतर सांगितलं.

त्या दिवशीही आठ ओळींची एक बातमी आली. ती आठ ओळींतच लागली. मागे कोण आहे ते मी कापलं नाही.

पावणेसहाला डेस्कचा फोन वाजला. "मॅडम," चाचा म्हणाले, "बारा की बारा." मागून पाट्या थंड ठेवणाऱ्या छोट्या पंख्यांची घरघर ऐकू येत होती. मग मुलीनं फोन घेतला आणि बाराही वाक्यं मला वाचून दाखवली. शेजारच्या उपसंपादकानं विचारलं, कुठला निकाल लागला. मी सांगितलं, बारापैकी बारा. कशाचे, ते त्यानं विचारलं नाही.

बुधवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना सदस्य आले. प्रत्येक पाटीसमोर उभे राहून त्यांनी वाक्य मोठ्यानं वाचलं, शेवटपर्यंत. मग खिशातून एक कागद काढला.

"हे तुमी कालपासून घोकून ठेवलेलं दाखवून राहिले. आता हे दाखवा." कागदावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: म्हाताऱ्या माणसांनी नदीघाटावर न जाता कमानीजवळच्या मांडवात बसून राहावे.

मुलीनं ते टंकलं. चाचा तिच्या खुर्चीमागे उभे होते. कळ दाबली. काम थांबलं. पडद्यावर पाटीचा क्रमांक आणि ४४ हा आकडा आला.

"काय झालं?" सदस्यांनी विचारलं.

"चार अक्षरं जास्त आहेत, साहेब," मुलगी म्हणाली.

"म्हंजे हे यंत्र मले नाही म्हनते?"

"तुमालेच नाही, साहेब. काल या ताईंले बी नाही म्हटलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"नाही म्हनलं हे बरं झालं," ते म्हणाले. "आमच्या खात्यात कोनी म्हनत नव्हतं." त्यांनी कागद परत घेतला, पेन काढलं आणि उभ्या उभ्या वाक्य मोजलं. बोटांवर, मांडीवर हात ठेवून. मग दोन ठिकाणी काट मारली. म्हाताऱ्या माणसांनी कमानीजवळच्या मांडवात बसावे. अठ्ठावीस. कळ दाबली, चिप बदलली आणि सात मिनिटांनी वाक्य पाटीवरून पूर्ण सरकत गेलं, 'बसावे'पर्यंत. त्यांनी ते दोनदा जाऊ दिलं.

"टेम्पो सकाळी सहाला," ते म्हणाले, आणि दोनच्या यष्टीला गेले.

गुरुवारी मी रजा काढली. टेम्पोत पुढे चाचा आणि चालक बसले. मुलगी आणि मी मागून यष्टीनं गेलो. संध्याकाळी चार वाजता कौंडण्यपुरात बाराही पाट्या जागेवर लागल्या होत्या. नवव्या पाटीची वीज वीस मिनिटं गेली, जनरेटरची वायर निघाली होती. या वेळी ती खरंच ढिली होती आणि चाचांनी ती लावली. अंधार पडायच्या आत पाट्यांसमोर माणसं थांबून वाचायला लागली. एक बाई मंदिराकडून आल्या, पाटीचं वाक्य ओठांतल्या ओठांत वाचलं, 'मंदिरामागे' आलं तशा मागे वळल्या आणि भराभर चालत गेल्या. मुलगी त्यांच्या मागोमाग कोपऱ्यापर्यंत गेली. परत आली तेव्हा म्हणाली, सापडला, चौकीत बसून शेंगा खात होता.

यात्रा संपेपर्यंत एकाही पाटीवर चौकोन आला नाही.

पुढच्या सोमवारी समितीचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. बाराही पाट्या समितीनं कायमच्या ठेवून घेतल्या होत्या आणि पुढच्या यात्रेसाठी आणखी सहा मागवल्या होत्या. चाचांनी त्याच दुपारी घरमालकाकडे जाऊन महिनाअखेर दुकान खाली करत नसल्याचं सांगितलं. सुरतेला मामांना फोन मुलीनं केला. तो चार मिनिटं चालला.